अल्पकालीन मिशनकार्य आणि ‘सोबती’ची कल्पना

अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या परदेश-कार्य विभागाने १९९९ मध्ये ‘ॲकम्पनिमेंट’ ही संज्ञा आपल्या कार्याचे सूत्र म्हणून पुढे मांडली. तिचे मूळ लॅटिन अमेरिकेत आहे. एल साल्व्हाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो ह्यांच्या १९७९ च्या चौथ्या धर्मपत्रातही ती आढळते. मराठीत तिला कोणता शब्द द्यावा? ‘साहचर्य’ निर्जीव वाटते. ‘सहगमना’वर तर सतीची छाया आहे. आम्हांस ‘सोबत’ हा घरगुती शब्दच पसंत आहे. सोबतीला निघालेला माणूस वाट ठरवीत नाही. काम दुसऱ्याचे असते, आणि सोबत हवी की नको हेही त्या दुसऱ्यानेच सांगावयाचे असते.

एक-दोन आठवड्यांचे मिशन-दौरे ह्या कसोटीस कितपत उतरतात? १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर उत्तर अमेरिकेतील अनेक पथके होंडुरासमध्ये घरे बांधावयास गेली. कर्ट व्हर बीक ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका घरास सुमारे २,००० डॉलर पडत, तर एका पथकाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर होई. आणि घर परदेशीयांनी बांधले की स्थानिकांनी, ह्यामुळे कुटुंबांच्या पुढील जीवनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हे आकडे बोलके खरे. परंतु दोष केवळ उधळपट्टीचा मानणे उथळपणाचे होईल. तारखा, काम आणि पैसा ही तिन्ही पाठविणाऱ्यांच्या हाती असली, तर स्वस्त दौराही सोबत ठरत नाही.

अल्प मुदत हाच मूळ दोष, असेही म्हणता येत नाही. ‘सोबती’चे पुरस्कर्ते लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेचा आधार घेतात, आणि ती सोबत तरी एका दिवसाचीच होती! तेथे अनोळखी वाटसरू प्रथम विचारतो. गाव जवळ येताच पुढे जाण्याचा रोख दाखवितो. शिष्यांनी आग्रह केल्यावरच आत येतो. कथेचे मर्म वाटचालीइतकेच ह्या उंबरठ्यावर आहे, असे आम्हांस वाटते. १९१० च्या एडिंबरो परिषदेत व्ही. एस. अझरया ह्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कदर करूनही मागितली ती मैत्रीच. मागणी येथल्या माणसाची होती, हे विसरून चालणार नाही.

‘यंदा येऊ नका’ असे होंडुरासमधील एखादी मंडळी म्हणू शकते काय, आणि म्हटल्यावरही तिचे साहाय्य चालू राहते काय, हे ‘सोबती’च्या मांडणीने प्रथम सांगावयास हवे.