टॉर्चला भविष्य लागतं का? हॉयल-नारळीकरांचा १९६४ चा लेख

मंडळी, जयंत नारळीकर म्हटलं की आपल्याला विज्ञानकथा आठवतात, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आठवतं. त्यांच्या भौतिकशास्त्राबद्दल मात्र मराठीत आपण ‘फार मोठं काम’ एवढं म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. आज आम्ही तसं करणार नाही. फ्रेड हॉयल यांच्यासोबत त्यांनी १९६४ साली काळाच्या दिशेवर एक लेख लिहिला, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात. तेव्हा ते पंचविशीतले. तो आम्ही काही जणांनी बसून वाचला. पटलं ते सांगतो, नाही पटलं तेही.

आधी मागचं थोडं. विद्यार्थी असताना रिचर्ड फाइनमन यांना एक गोष्ट खटकत होती. इलेक्ट्रॉन स्वतःच्याच क्षेत्राचा धक्का खातो असं मानलं की हिशेबात अनंत येतो. मग क्षेत्रच काढून टाकलं तर? एक भार थेट दुसऱ्या भारावर परिणाम करेल, स्वतःवर नाही. व्हीलर यांच्याबरोबर ही मांडणी त्यांनी १९४५ आणि १९४९ मध्ये छापली. पण त्यात प्रत्येक भाराचा परिणाम अर्धा भविष्याकडे जातो, अर्धा भूतकाळाकडे! हा दुसरा भाग आपल्याला दिसत नाही, कारण पुढे कुठेतरी द्रव्य तो प्रकाश शोषून घेतं आणि त्या द्रव्याच्या प्रतिसादाने नको तो भाग कटतो. म्हणजे आपल्या झीरो माइलपाशी उभं राहून रात्री आकाशाकडे टॉर्च मारली, तर ती नेहमीसारखी लागण्यासाठी तिचा प्रकाश कधीतरी पूर्ण शोषला गेलाच पाहिजे.

त्या दोघांनी विश्व स्थिर धरलं, त्यामुळे काळाची दिशा उष्मागतिशास्त्राकडून उसनी आणावी लागली. हॉगार्थ यांनी १९६२ मध्ये विश्वाचं प्रसरण हिशेबात घेतलं, पण शोषण कणांच्या टकरींमुळे होतं असं धरलं. टकरी आल्या की काळाची दिशा मागच्या दाराने आत आलीच. हॉयल-नारळीकरांनी हे दार बंद केलं. शोषण त्यांनी प्रारणाच्या प्रतिक्रियेतूनच काढलं. लेखातलं हे आम्हाला सगळ्यात आवडलं. (१९६३ मध्ये कॉर्नेलला काळावर परिषद झाली, त्यातही हा विषय होता. फाइनमन तिथे बोलले, पण छापील वृत्तांतात त्यांचं नाव ‘मिस्टर एक्स’!)

निष्कर्ष असा: स्थिर-स्थिती विश्वात द्रव्य सतत निर्माण होतं, घनता टिकते, म्हणून भविष्य पूर्ण शोषक ठरतं आणि टॉर्च नीट लागते. महास्फोटानंतर कायम पसरत राहणाऱ्या साध्या विश्वात द्रव्य विरळ होत जातं, आणि उत्तर उलटं येतं.

इथे आमचं अडतं. लेखक म्हणतात, यावरून स्थिर-स्थितीचं पारडं जड होतं. अहो, पण हाच तर्क उलटा का वाचू नये? लगेच १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या सूक्ष्मलहरींच्या शोधाची बातमी आली आणि स्थिर-स्थितीचा पायाच हलला. मग टॉर्च तर रोज लागतेय. शंका विश्वावर घ्यायची की या मांडणीवर? ही दुसरी वाट लेखकांनी पुरेशी उघडी ठेवली नाही असं आम्हाला वाटतं. हॉयल यांचं वजन त्यामागे असावं, हा आमचा अंदाज.

म्हणून लेख मोडीत काढायचा का? मुळीच नाही. १९६९ आणि १९७१ च्या लेखांत त्यांनी हीच मांडणी पुंज पातळीवर नेली. अणू आपोआप प्रकाश सोडतो तो विश्वाच्या प्रतिसादामुळे, हे त्यांनी गणिताने दाखवलं. फाइनमन यांनी स्वतः सोडून दिलेली वाट होती ही. पुढे १९९५ च्या आढावा-लेखात ते सांगतात की विश्वाच्या क्षितिजामुळे तो छळणारा अनंतही कापला जातो. पण ते क्षितिज कुठलं, तर पुन्हा स्थिर-स्थितीसारख्या विश्वाचं. तीस वर्षांनंतरही गाठ तिथेच होती.