कल विचारला, गाव विचारलंच नाही

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक पेढे, दुसरी करिअर मार्गदर्शन मेळावा. मेळाव्यात वक्ते बदलतात, स्लाइड मात्र साधारण तीच असते: 'येत्या दशकातली सर्वोत्तम क्षेत्रं'. डेटा सायन्स, एआय, ड्रोन, इलेक्ट्रिक वाहनं. ही स्लाइड ठाण्यात जशी दाखवतात तशीच सिरोंच्यातही दाखवतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मी एमएस्सी संख्याशास्त्रात केलं आणि आता पीएचडीसाठी जिल्हा पातळीवरच्या रोजगाराच्या अंदाजांवर काम करतो, त्यामुळे मला ते सतत खटकतं. आजची पोस्ट त्या खटकण्याबद्दल आहे.

सुरुवात कलचाचणीपासून करू, कारण ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिली असेल. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. आधी शाळेतल्या संगणकावर, पुढे मोबाइल ॲपवर. वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी तुमचा ओढा कुठे आहे ते ही चाचणी सांगायची. एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. खासगी समुपदेशक याच कामाचे हजारो रुपये घेतात, ते सरकारने लाखो मुलांसाठी फुकट केलं. कल्पना चांगलीच होती.

पण चाचणीचं उत्तर काय यायचं? 'तांत्रिक'. बरं, मग पुढे? इचलकरंजीतल्या मुलीला 'तांत्रिक' आणि गडचिरोलीतल्या मुलाला 'तांत्रिक' हे एकच उत्तर, पण त्या शब्दामागे उभी असलेली दुनिया पूर्ण वेगळी. चाचणी मुलाच्या आत डोकावते. खिडकीबाहेर काय आहे, हे ती विचारतच नाही. खासगी चाचण्यांचंही हेच, फक्त त्यांचा अहवाल रंगीत आणि तीस पानी असतो.

गंमत म्हणजे करिअर मार्गदर्शनाचा जन्मच खिडकीबाहेर बघण्यातून झाला. फ्रँक पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये व्होकेशन ब्युरो सुरू केला. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात आलं. त्यांची मांडणी तीन पायांवर उभी आहे: स्वतःला नीट ओळखा, कामांची दुनिया नीट ओळखा, आणि मग दोन्हींचा मेळ घाला. पुस्तकात व्यक्तीच्या चौकशीला जसा एक स्वतंत्र भाग आहे, तसाच उद्योगांच्या चौकशीलाही आहे. आपण त्यांचा पहिला पाय उचलला, त्याच्या चाचण्या छापल्या, आणि दुसरा पाय बॉस्टनमध्येच राहू दिला.

या विषयावरची सगळ्यात कडू टीका ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ केनेथ रॉबर्ट्स यांची आहे. १९६८ मधल्या लेखात त्यांनी सरळ म्हटलं की बहुतेक मुलं करिअर 'निवडत' नाहीत. घर, शाळा आणि आसपासची नोकऱ्यांची रचना यांनी जे दार उघडं ठेवलंय त्यातून ती आत जातात, आणि मग त्यांची आवड त्या कामाशी जुळवून घेते. याला ते संधींची रचना म्हणतात. मार्गदर्शकाने म्हणून मुलाला 'स्वतःचा शोध' घ्यायला लावण्यापेक्षा हातात असलेल्या संधींची माहिती द्यावी आणि नोकरीला लावायला मदत करावी, असा त्यांचा रोख. पीटर डॉज यांनी त्यांना उत्तर दिलं की शिक्षणाचं काम फक्त आहे त्या रचनेत मुलं बसवणं नाही, ती रचना बदलायची ताकद देणंही आहे. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

मला रॉबर्ट्स यांचं निदान पटतं, औषध पटत नाही. आणि त्यांचं निदानही महाराष्ट्रात जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर होता शाळा सोडून जवळच्या कारखान्यात पगारावर लागणारा इंग्रज मुलगा. आपल्याकडे? नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातले ५८.४ टक्के काम करणारे लोक स्वयंरोजगारात आहेत आणि नियमित पगारी फक्त २१.७ टक्के. स्वयंरोजगार म्हटल्यावर स्टार्टअप आठवू नका. शेतात, दुकानात, घरच्या मागावर बिनपगारी राबणारी बायकामाणसंही यातच मोजतात. म्हणजे आपल्याकडे संधींची रचना बऱ्याच अंशी घराच्या आतच असते. जमीन किती, दुकान आहे का, माग कुणाच्या नावावर. 'जवळपास नोकऱ्या किती' हा प्रश्न इथे अर्धाच पुरतो.

आता आकड्यांकडे येतो, कारण मेळाव्यातल्या स्लाइडवर एक आकडा नेहमी असतो: 'देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के'. आकडा खरा आहे. २०१७-१८ मध्ये तो ६.१ होता, २०२३-२४ मध्ये ३.२ झाला. पण समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. १५ ते २९ वयोगटातला दर त्याच वर्षी १०.२ होता. पदवीधरांमधला दर २०२२-२३ मध्ये १३.४ होता, म्हणजे एकूण दराच्या चौपट. न शिकलेल्यांमध्ये दर कमी दिसतो याचं कारण त्यांना भरपूर नोकऱ्या आहेत हे नव्हे. त्यांना बेरोजगार राहणं परवडत नाही. मिळेल ते काम करतात आणि सर्वेक्षणात 'रोजगारित' म्हणून नोंदले जातात. 'शिकलात की नोकरी' असं सांगणाऱ्या वक्त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावेत.

आता कोणी म्हणेल, मग जिल्ह्याचा आकडा द्या ना! इथे माझं पोटापाण्याचं काम सुरू होतं. जुन्या पद्धतीत पीएलएफएस वर्षाला देशभरात सुमारे १ लाख कुटुंबांकडे जायचं. जिल्हे सातशेच्या वर. सरासरी काढली तर एका जिल्ह्यात दीडशेच्याही आत घरं. समजा, त्या घरांत कामाच्या बाजारात असलेली ७० तरुण मंडळी सापडली आणि त्यातली ७ बेरोजगार निघाली. दर आला १० टक्के. पण इतक्या छोट्या नमुन्यावर खरा दर साधारण ३ ते १७ टक्क्यांत कुठेही असू शकतो. नमुना वाड्या-वॉर्डांच्या गटांतून घेतलेला असल्यामुळे प्रत्यक्षात हा पट्टा आणखी रुंद होतो. ३ टक्के म्हणजे आनंदीआनंद, १७ टक्के म्हणजे हाहाकार, आणि आपल्याला यातलं काय खरं ते कळतच नाही! अशा आकड्यावरून 'आमच्या जिल्ह्यात संधी वाढल्या' असा मथळा करणं म्हणजे एक शीत चाचपून अख्ख्या गावजेवणाबद्दल मत देणं.

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली. नमुना सुमारे २.७ लाख कुटुंबांवर गेला, मासिक आकडे येऊ लागले, आणि बहुतेक ठिकाणी नमुना निवडण्याचं मूळ एकक जिल्हा झालं. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. तरीही सरासरीने जिल्ह्यामागे साडेतीनशे घरं. त्यातून 'बीडमधल्या बीए झालेल्या मुली' एवढं बारीक चित्र थेट निघत नाही. त्यासाठी शेजारचे जिल्हे, जनगणना, इतर नोंदी यांचा आधार घेऊन अंदाज बांधावा लागतो. याला लघुक्षेत्र अंदाजन म्हणतात, आणि त्यात काय काय चुकू शकतं यावर माझा अख्खा प्रबंध आहे. तो इथे उलगडत बसत नाही.

आणि बीड म्हटलं की जिल्हा हे एककच डळमळायला लागतं. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत तिकडेच असतात. बीडचा कितीतरी रोजगार बीडमध्ये नाहीच. मग तिथल्या शाळेत 'स्थानिक रोजगार' म्हणून मुलाला काय दाखवायचं?

आकडे थकतात तिथे शहर डोळ्यांनी वाचावं लागतं. इचलकरंजी घ्या. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय. तिथल्या पोरांना कामांची नावं घरातूनच माहीत असतात: जॉबर, कांडीवाला, वहिफणीवाला, दिवाणजी, सायझिंग कामगार. मजुरीची बोलणी ५२ पिकाच्या कापडामागे मीटरला किती पैसे यावर होतात. खर्चीवाला यंत्रमागधारक म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा, नावाने मालक पण बाजार पडला की कामगाराइतकाच अडकलेला, हेही त्या मुलांना कळतं. आता साध्या मागांच्या शेजारी शटललेस माग आलेत. तिथे एक माणूस जास्त माग सांभाळतो, आणि बिघाड झाला तर इलेक्ट्रॉनिक्स कळणारा माणूस लागतो. वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी शिकवणारी संस्था गावातच १९८२ पासून आहे. एवढं सगळं हाताशी असताना तिथल्या दहावीच्या वर्गात ड्रोनची स्लाइड लागते! कांडी भरणाऱ्या बाईच्या मुलीने त्या नव्या मागाच्या देखभालीपर्यंत कसं पोचायचं, कोणता कोर्स, किती वर्षं, फी किती, मुलींना तिथे घेतात का, हे कोणीच सांगत नाही.

पण 'स्थानिक बाजार दाखवा' एवढंच म्हणून थांबलं तर तेही घातक आहे, आणि रॉबर्ट्स यांचं औषध मला नको वाटतं ते म्हणूनच. स्थानिक वास्तव कोणाला ऐकवलं जातं, हे जरा बघा. पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला कोणी 'तुझ्या परिसरात कोणती कामं आहेत ते बघ' म्हणत नाही. त्याला अख्खं जग दाखवतात. 'वास्तववादी हो' हा सल्ला आश्रमशाळेतल्या मुलाला, वस्तीशाळेतल्या मुलीला मिळतो. माहितीच्या नावाखाली जात आणि वर्ग पुढच्या पिढीच्या हातात ठेवायचा हा सभ्य मार्ग आहे. डॉज यांचं म्हणणं मला इथे महत्त्वाचं वाटतं. बाजाराचा नकाशा मुलाला द्यायचा, पण त्यावर बाहेर जाणारे रस्तेही दिसले पाहिजेत, आणि त्या रस्त्यांवरचा टोलही. वसतिगृह कुठे आहे, शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येतो, पुण्यात कॉट बेसिसला किती पडतात. 'मोठी स्वप्नं बघा' म्हणणाऱ्यांच्या स्लाइडवर हे खर्च कधीच नसतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. 'ओळख' हा शब्द फार सैल आहे. दहा दिवस सुतारकाम बघितलं तरी ओळख झालीच की! त्याऐवजी नववीच्या वर्गाला एक साधं काम द्यावं असं मला वाटतं. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या किंवा वाडीतल्या वीस घरांत जायचं आणि चारच गोष्टी विचारायच्या: घरातलं कोण काय काम करतं, ते काम कसं मिळालं, त्यासाठी काय शिकावं लागलं, आणि मागच्या पाच वर्षांत त्या कामात काय बदललं. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर आठशे घरं होतात. नमुना म्हणून यात शंभर दोष आहेत, परीक्षक मला फाडून खातील. पण सरासरीने जिल्ह्याच्या वाट्याला येणाऱ्या नव्या पीएलएफएसच्या घरांपेक्षाही ती दुपटीहून जास्त आहेत. आणि 'काम कसं मिळालं' या प्रश्नाला सरकारी सर्वेक्षणात नसलेली उत्तरं येतील: मामाने लावलं, मुकादमाने नेलं, बापाची जागा मिळाली, व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं.

कोणी शिक्षक हे करून बघणार असतील तर प्रश्नावली मी तयार करून देईन, आकडे भरायचा तक्ताही देईन. खाली कमेंटमध्ये फक्त तालुका आणि इयत्ता लिहा. मुलांची किंवा घरांची नावं तक्त्यात कुठेच घ्यायची नाहीत, ही एक अट.