स्टीव्हन्सन दांपत्याची सागरयात्रा

प्रवासवर्णनात प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व प्रधान असावे की त्याने पाहिलेला प्रदेश, हा वाद जुना आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि फॅनी यांच्या बाबतीत तो पतिपत्नींमध्येच उभा राहिला. १८८८ साली ‘कॅस्को’, १८८९ साली ‘इक्वेटर’ आणि १८९० साली ‘जॅनेट निकोल’ या जहाजांतून हे दांपत्य पॅसिफिक महासागरातील बेटांतून हिंडले. पतीचे ‘इन द साउथ सीज’ त्याच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. पत्नीची ‘जॅनेट निकोल’वरील दैनंदिनी १९१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

पती एवढ्या मनोहर सामग्रीतून शास्त्रीय आणि व्यक्तिनिरपेक्ष असा प्रबंध रचू पाहतो आहे, अशी तक्रार फॅनीने १८८९ मध्ये सिडनी कॉल्व्हिन या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात केली होती. तीत तथ्य नाही असे म्हणवत नाही. चालीरीती, निषेध, लोकसंख्येचा ऱ्हास यांची चर्चा करताना स्टीव्हन्सनची लेखणी पुष्कळदा जड होते. परंतु मार्केसास बेटांवरील प्रकरणांत याच जिज्ञासेला निराळे तेज चढते. परक्या सत्तेखाली खचलेल्या त्या लोकांत त्याला आपल्या स्कॉटलंडमधील डोंगरी कुळांची अवस्था दिसते. आपल्या पूर्वजांच्या रूढी सांगून तो त्यांच्या रूढी जाणून घेतो. येथे आत्मपरता हे ज्ञानाचेच साधन बनते. ‘व्यक्ती की प्रदेश’ हे द्वंद्वच येथे लटके पडते.

फॅनीची बाजू खरी ठरते ती अपेमामा बेटावर. तेथील राजा टेंबिनोक याच्या आश्रयाने हे कुटुंब राहिले. त्याचा जुलमी अंमल, त्याचे कुतूहल आणि नव्या वस्तूंचा हव्यास हे सारे शेजाराने पाहिलेले आहे. म्हणून तेथे सिद्धान्त मागे पडून माणूस उभा राहतो, आणि ग्रंथाचा हा भाग सर्वांत सरस उतरतो.

फॅनीची दैनंदिनी मुळात प्रकाशनासाठी नव्हतीच. पतीच्या स्मरणाला आधार व्हावा म्हणून ती लिहिली गेली. तीत व्यापारी, त्यांचा माल, बेटांवरील स्त्रिया, पोशाख, जहाजावरील गैरसोयी या गोष्टी ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने येतात. ‘असे का?’ हा प्रश्न तिला क्वचितच पडतो, आणि ही तिची खरी मर्यादा होय. तथापि स्टीव्हन्सनचा ग्रंथ पहिल्या दोन सफरींपुरताच आहे. १८९४ मध्ये तो सामोआत निवर्तला आणि तिसऱ्या सफरीची ही टिपणे त्याच्या ग्रंथात उतरायची राहिली.

त्यामुळे दोन्ही पुस्तके जवळ ठेवूनच वाचली पाहिजेत. स्टीव्हन्सनपाशी अर्थ लावण्याची शक्ती आहे, फॅनीपाशी दिसले ते न गाळता टिपण्याचा प्रामाणिकपणा. अपेमामाच्या प्रकरणांत हे दोन्ही गुण एका लेखणीत आले. इतरत्र ते दोघांत वाटले गेले आहेत.