वर्गात घडलेला ग्रंथ

पदवीच्या विद्यार्थ्यांना इस्लामचा इतिहास शिकवणारी बरीच पुस्तके अरबस्तानातून निघतात, बगदादच्या वैभवापाशी रेंगाळतात आणि १२५८ साली मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केले की आवरते घेतात. पुढचा सगळा ऱ्हास! मार्शल हॉजसन यांच्या ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ या त्रिखंडी ग्रंथाची खरी गंमत अशी, की तो हा साचाच मोडतो.

हॉजसन (१९२२–१९६८) शिकागो विद्यापीठात शिकवत. या विषयात पंडित व्हायचे नसलेल्या मुलांनाही मानवी संस्कृतीचा हा मोठा भाग समजावा, म्हणून १९५०च्या दशकात त्यांनी इस्लामी संस्कृतीचा वर्षभराचा अभ्यासक्रम उभा केला. ग्रंथ वाढला तो त्यातूनच.

खंडांची विभागणी पाहा. पहिला खंड ९४५ साली थांबतो. त्या वर्षी बुवैही सरदारांनी बगदाद ताब्यात घेतले आणि खलिफा नावापुरता उरला. दुसरा कोणी इथेच उतरती कळा दाखवू लागला असता. हॉजसन मात्र ९४५ ते १५०३ या काळाला अख्खा खंड देतात. केंद्रसत्ता ढासळली तरी मदरसे, सूफी परंपरा आणि फारसी साहित्य यांच्या बळावर समाज एकसंध राहिला, पसरलाही. दाखला हवा तर फारसी कवी सादीची ‘गुलिस्तान’ पूर्ण झाली १२५८ मध्येच. कवी हाफिज आणि इतिहासकार इब्न खल्दून तर त्याच्याही नंतरचे. पुस्तक मिटताना ‘ऱ्हास’ हा शब्द वापरायला जीभ कचरते.

दुसरे मर्म म्हणजे धर्म आणि त्याभोवती वाढलेली संस्कृती यांत त्यांनी केलेला भेद. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने आपला प्रमुख तात्त्विक ग्रंथ अरबीत लिहिला. तो मुसलमान नव्हता, पण त्या संस्कृतीचा नक्कीच होता. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वतीला वंदन करतो, हेही या दृष्टीने वाचले की अपवाद वाटत नाही.

उपशीर्षकात ‘विवेक’ आणि ‘इतिहास’ जोडीने येतात, ते उगाच नाही. हॉजसन स्वतः क्वेकर, म्हणजे युद्ध नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला त्यांनी नकार दिला होता. म्हणूनच १०९५ साली बगदादमधले मानाचे अध्यापकपद सोडून निघून जाणारा धर्मपंडित गझाली त्यांना आतून कळतो. प्रस्तावनेत ते बजावतात, की अभ्यासकाने आपली श्रद्धा आणि पूर्वग्रह लपवू नयेत, ओळखून असावेत. तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

ग्रंथ सोपा नाही. वाक्ये लांबलचक आहेत आणि लेखकाने स्वतः घडवलेल्या संज्ञा पावलोपावली अडवतात. हॉजसन सेहेचाळिसाव्या वर्षीच गेले. शेवटच्या भागावर त्यांचा अखेरचा हात फिरला नाही. सहकारी रूबेन स्मिथ यांनी काम तडीस नेले आणि १९७४ मध्ये तिन्ही खंड छापून आले. तरीही परक्या धर्माकडे धाक किंवा कौतुक न बाळगता कसे पाहावे, हे शिकवणारी फार थोडी पुस्तके याच्या पंक्तीला बसतील. तिन्ही खंड झेपणार नसतील, तर निदान प्रस्तावना आणि दुसरा खंड वाचाच.