शेवट नसलेली वही

दिवाळीच्या अंकात व्यसनाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु वाचकहो, ज्या घरात हा पाहुणा एकदा शिरला त्या घरी तो दिवाळीलाही सुट्टी घेत नाही. किंबहुना सणाच्या दिवशीच त्याचा अंमल अधिक चढतो. तेव्हा चार पाने सोसून घ्यावीत, अशी विनंती आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुर्ध्यात राहून मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत मिठागरावर काम करणारा एक दारुडा आहे. शेवटच्या प्रकरणात भरतीच्या वेळी तो खाडीत बुडून मरतो. हे प्रकरण वाचकांना फार आवडले, आणि खरे सांगायचे तर मलाही. दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच दारात उभा राहिला. हात किंचित थरथरत होते. दारू सोडून वीस दिवस झाले होते म्हणे. त्याने माझी कादंबरी वाचली होती. चहा संपल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तो मेलाच पायजे होता का?"

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला आपल्या साहित्याकडे पुन्हा पाहायला लावले, आणि हा लेख त्यातूनच आला आहे.

मराठी माणसाच्या मनात दारुड्याचे जे चित्र आहे, ते रा. ग. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त रेखाटलेले आहे. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. गडकरी त्याच वर्षाच्या जानेवारीत निवर्तले होते, त्यामुळे त्यांना पहिला प्रयोगही पाहता आला नाही. सुधाकर बुद्धिमान वकील. सनद तहकूब झाल्याचा अपमान विसरण्यासाठी तो तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो, आणि तिथून मूल, सिंधू व अखेर तो स्वतः, सर्वांचा अंत होतो. शोकांतिका म्हणून ही रचना अभेद्य आहे. पहिल्या प्याल्यात शेवटचा प्याला दिसला पाहिजे हा नाटककाराचा आग्रह, आणि तो त्याने शेवटपर्यंत पाळला. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतोही. पण नोकरीसाठी ज्या दारी जातो तिथे त्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. हा भाग मला सर्व नाटकात अधिक खरा वाटतो. सोडणे एकट्याच्या निर्धाराने होते, पण टिकणे इतरांच्या हातात असते, हे गडकऱ्यांनी त्या काळी ओळखले होते.

आणखी एक गोष्ट मला अलीकडेच जाणवली. त्या नाटकात पिणाऱ्यांची एक संस्था आहे, आर्य मदिरामंडळ. आपण तिला पोट धरून हसतो. परंतु सोडू पाहणाऱ्या सुधाकरासाठी सबंध नाटकात एकही मंडळ नाही! त्याला रामलाल आहे, पण रामलाल उपदेश करतो; तो स्वतः त्या गर्तेत कधी पडलेला नाही. पिणाऱ्याला सोबत आणि सोडणाऱ्याला प्रवचन, अशी ती विषम वाटणी आहे.

नाटकानंतर सोळा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांसमोर बसले आणि त्यांनी मदिरामंडळाच्या नेमके उलट मंडळ काढले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ते हेच. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी आपल्या वर्तनाचा निर्भय हिशेब मांडण्याची आहे आणि तो बहुधा लेखी मांडतात. पाचवी पायरी तो हिशेब दुसऱ्या माणसापुढे कबूल करण्याची. म्हणजे लिहिणे आणि वाचून दाखवणे. लेखकाला याहून वेगळे काय करायचे असते?

आपल्याकडे या दिशेने जे पाऊल पडले, त्यामागेही लेखणीच होती. ऐंशीच्या दशकात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगर तरुण पोरांना गिळू लागली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढे केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची खरी उभारणी डॉ. अनिता अवचटांची. त्या १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. लेख वाचून हळहळणारे पुष्कळ असतात; लेखातून वास्तू उभी राहिल्याची उदाहरणे थोडी.

'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' ही अवचटांची दोन पुस्तके घरात असावीत अशी आहेत. त्यांची वाक्ये आखूड आणि सूर शेजाऱ्याशी बोलावे तसा. ते निवाडा करीत नाहीत, प्रश्न विचारतात आणि ऐकतात. माझी एकच तक्रार आहे. माणसाच्या चांगुलपणावरचा त्यांचा विश्वास इतका प्रसन्न आहे, की काळोखाची खोली वाचकाला कधी कधी कमी भासते.

तो काळोख आतून सांगितला तुषार नातू यांनी. 'नशायात्रा' हे त्यांचे स्वतःच्या व्यसनाचे कथन आणि 'बेवड्याची डायरी' हे रोजनिशीच्या वळणाचे लेखन. कादंबरीकाराच्या नजरेने 'नशायात्रे'त पुनरावृत्ती फार आहे: सोडले, पुन्हा धरले, शपथ, पुन्हा घसरण. मी संपादक असतो तर निम्मे कापले असते. आणि तिथेच माझी चूक झाली असती. कारण व्यसन म्हणजेच पुनरावृत्ती. ती कापली की उरते ती रंजक गोष्ट, आजार उरत नाही.

मात्र लिहिले म्हणजे सुटले, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. डी क्विन्सीने १८२१ साली आपल्या अफूचे कबुलीजबाब अत्यंत देखण्या भाषेत लिहिले. अफू त्याला १८५९ साली मरेपर्यंत पुरती सुटली नाही. देखणेपणातच धोका आहे. पहिल्या घोटाचे रसाळ वर्णन करणारा पुन्हा तोच घोट मनाने घेत असतो. पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे मनातल्या दुखऱ्या गोष्टी लिहवून घेतल्या. लिहून होताच मुले अधिक खिन्न झाली, पण पुढील महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. नंतरच्या प्रयोगांत हा गुण नेहमी तितका दिसलेला नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर कंप, भ्रम, झटके येऊन जिवावर बेतू शकते. तिथे आधी डॉक्टर, मग वही.

आता माझी कबुली. त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "लिहीत जा." महिन्याने त्याने शंभर पानी वही आणून दिली. बहुतेक पानांवर तारीख आणि दोनच शब्द: 'आज नाही.' मधे एका पानावर त्याची आई होती. भाईंदरच्या बाजारात मासळी विकून ती दमून निजली असता तिच्या पदराची गाठ याने कशी सोडली, ते त्याने लिहिले होते. 'गाठ सोडली' हे शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेले. आणि मी काय केले? हाडाचा मास्तर! लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारले, आणि खाली शेरा मारला: 'शेवट प्रभावी नाही.'

तो दोन महिने फिरकला नाही. त्या दोन महिन्यांत माझ्या शेऱ्याचा अर्थ मला उमगला. शेवट प्रभावी नव्हता, कारण शेवट झालाच नव्हता. लिहिणारा जिवंत होता. सुधाकराला गडकऱ्यांनी शेवट दिला, माझ्या दारुड्याला मी दिला. कलेला तो लागतो. पण सोडू पाहणाऱ्याच्या वहीत पूर्णविराम शोधणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे होय. अशा लेखनाची कसोटी निराळी असली पाहिजे: ते खरे आहे काय, त्यात दुसऱ्यावर ढकललेले दोष कमी होत चालले आहेत काय, आणि उद्याचे पान कोरे ठेवलेले आहे काय.

शेवटी मीच त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. मधे तो एकदा घसरला होता. वहीत काही पाने कोरी होती. त्यांविषयी मी विचारले नाही. त्यांच्यापुढे तारीख घालून लिहिले होते, 'परत पहिला दिवस.' त्याने ते पान मोठ्याने वाचले. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

तेव्हा, माझ्या घरोघरच्या वाचकांनो, तुमच्या घरात अशी एखादी वही लिहिली जात असेल तर ती चोरून वाचू नका आणि सुधारू तर मुळीच नका. वाचून दाखवली तर बसून ऐका. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला आता ठाऊक आहे: नाही, तो मेलाच पाहिजे होता असे नाही. पुढची कादंबरी मी लिहीत आहे. तिचे शेवटचे प्रकरण अजून सुचलेले नाही, आणि त्याची मला घाई नाही.