नाठाळ कोण?



गेल्या काही वर्षांत गावोगावच्या सभांमधून तुकोबांची एक ओळ तुमच्या कानावर वारंवार आली असेल, नाठाळाच्या माथ्यावर काठी घालण्याची. ओळ आली की टाळ्या पडतात. वक्ता त्या ओसरू देतो आणि मग नाठाळ कोण ते सांगतो. सांगताना कुणाची करणी सांगत नाही, धर्म सांगतो. माझा आक्षेप आहे तो एवढ्यावरच. पण हे एवढेसे नाही.

गाथा घरी असेलच. तो अभंग काढून पुरा वाचा. आरंभी येतो तो विष्णुदासांचा मऊपणा, कठोरपणा त्यानंतर. काठी ज्या चरणात आहे त्याच चरणात तिच्या आधी दान आहे, भल्या माणसाला अंगावरचे शेवटचे वस्त्रसुद्धा काढून देण्याचे. व्यासपीठावर दान गळते आणि काठी उरते. भला आणि नाठाळ हे दोन्ही शब्द वागणुकीचे आहेत, जन्माचे नाहीत. आणि तुकोबांनी आयुष्यभर फटकारले कुणाला? वेष घेऊन लोकांना लुबाडणाऱ्या बुवांना, कथेचा बाजार मांडणाऱ्यांना, सोवळ्याआड लोभ लपवणाऱ्यांना. बहुतेक काठ्या आपल्याच अंगणात पडलेल्या आहेत. हे अभंग मात्र सभेत कुणी म्हणत नाही.

या सभांचा पसारा लहान नाही. नोव्हेंबर 2022 पासून महाराष्ट्रात 'हिंदू जनआक्रोश मोर्चे' सुरू झाले. फलकावर नाव 'सकल हिंदू समाज' असे होते, आणि त्यामागे विश्व हिंदू परिषद, बजरंग दल यांच्यासारख्या जुन्या संघटना आणि अनेक लहानमोठे गट होते. 29 जानेवारी 2023 रोजी मुंबईत शिवाजी पार्कवरून मोठा मोर्चा निघाला. वसईच्या एका मुलीचा तिच्या जोडीदाराने दिल्लीत खून केल्याचे नुकतेच उघड झाले होते, आणि लोकांचा संताप खरा होता. लेक गमावलेल्या बापाच्या दुःखापुढे कुणीही मान खाली घालील. पण खून एकाने केला. त्याला कायदा आहे, न्यायालय आहे. मोर्च्यांतल्या अनेक भाषणांत मात्र मुसलमान दुकानदाराकडून काही घेऊ नका, असे आवाहन झाले. बांगड्या विकणाऱ्याचा, पंक्चर काढणाऱ्याचा त्या खुनाशी काय संबंध, हे कुणी सांगितले नाही. 'लव्ह जिहाद' हा शब्द तर प्रत्येक भाषणात. केंद्र सरकारनेच फेब्रुवारी 2020 मध्ये लोकसभेत लेखी उत्तर दिले होते की प्रचलित कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही आणि केंद्रीय तपास यंत्रणांनी असे एकही प्रकरण नोंदवलेले नाही. द्वेषाच्या भाषणांवर कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना दिला. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सारे आले.

आता आपल्या जवळचे उदाहरण घ्या. पाथर्डी तालुक्यातले मढी, कानिफनाथांचे स्थान. नाथपंथ म्हणजे आपले आजोळच. निवृत्तिनाथांना उपदेश गहिनीनाथांचा आणि ज्ञानोबांना निवृत्तिनाथांचा. त्याच कानिफनाथांना मुसलमान भाविक शाह रमजान म्हणून मानतात. फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला, की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. कारण दिले ते व्रताचे. यात्रेआधी गाव महिनाभर काही नेम पाळते, ते हे व्यापारी पाळत नाहीत, असे. प्रशासनाने ठराव बेकायदा ठरवला. पण कायदा बाजूला ठेवून त्या कारणाकडे पाहा. नेम मोडतो ही तक्रार असेल तर नेम मोडणाऱ्या प्रत्येकाला सांगा, मग त्याचे नाव काहीही असो. नेम पाळणाऱ्या मुसलमानालाही बंदी आणि न पाळणाऱ्या हिंदूला मोकळीक, असे झाले की ते व्रत उरत नाही. त्याला आपण दुसरे नाव शोधले पाहिजे.

आपल्या घरात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान. 'योगसंग्राम' त्यांनी मराठीत लिहिला आणि संतमंडळींनी त्यांना पंगतीत घेतले. नाथमहाराजांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड तर नेटाने वाचण्यासारखे आहे. त्यात दोघे एकमेकांची उणी काढतात, अगदी सडकून. गुळमुळीत काही नाही. पण शेवट समेटात होतो. नाथांच्या काळी राज्य सुलतानांचे होते, हे विसरू नका. भिऊन लिहिणाऱ्याने तुर्काच्या श्रद्धेवर एवढे टोकदार बोट ठेवले नसते, आणि द्वेषाने लिहिणाऱ्याने शेवटी मिठी घातली नसती.

'मग मुसलमानांनी काय केले?' असे कुणी विचारील. 29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात अनेक गावांतल्या मुसलमान मंडळींनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे आपणहून ठरवले. ही बातमी किती कीर्तनांत सांगितली गेली?

कीर्तनकार मंडळींनाही एक विनंती. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, इतका कडक दंडक तुकोबांनी घातला, तो उगाच नाही. पाकीट देणारा हळूहळू निरूपणाचा विषयही देऊ लागतो. अभंग एका बाजूला राहतो आणि नारदाच्या गादीवरून तालुक्याचे राजकारण बोलले जाते. श्रोत्यांनीही हे ओळखावे. कीर्तनानंतर बुवांच्या पाया पडताना हळूच विचारायला हरकत नाही, की महाराज, अभंगाचे तिसरे चरण राहिले का?

आणि तुमच्या दिंडीला कुणी टाळ-पताका घेऊन अशा मोर्चात बोलावले, तर वीणेकऱ्याला आधी देहूची वाट आठवायला सांगा. तुकोबांची पालखी इनामदार वाड्यातून निघते तेव्हा वाटेतली पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ज्या पालखीमागे आपण चालतो ती दरवर्षी तिथे थांबते.