चहानंतरचे कामकाज

संगीताची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली तर हॉटेलातल्या भाजीचीही होते. पण नवी वस्तू घेतल्यावर माणूस ती चारचौघांना कशी सांगतो, या कलेची समीक्षा मराठीत कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. वास्तविक ही कला घरोघर चालते आणि भजनापेक्षा अधिक तन्मयतेने चालते. त्यातही ती ज्या उंचीला छंदिष्ट माणसांच्या बैठकीत पोहोचते, तशी इतरत्र क्वचित. कारण छंदिष्ट माणसाला वस्तू पाहण्याची सवय असते, ती दाखवण्याची हौस असते आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरचे लोक त्याचे ऐकेनासे झालेले असतात.

आम्ही अमरावती आणि अकोला मिळून दहा-बारा जण आहोत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकदा इकडे, एकदा तिकडे जमतो. कोणी नाणी जमवतो, कोणी तिकिटे, कोणी आगपेट्यांचे छाप. मी जुनी पोस्टकार्डे जमवतो. आम्ही एकमेकांना आडनावाने हाक मारीत नाही. नाणेवाले, तिकीटवाले, आगपेटीवाले अशीच नावे आहेत. लग्नाच्या पत्रिकेवर एकाचे खरे नाव वाचून दुसऱ्याने "हे कोण बुवा?" असे विचारल्याचा दाखला आहे.

बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत तीन कलमे असतात: मागील बैठकीचा वृत्तान्त, संग्रहातली नवी भर आणि चहा. कागदोपत्री बैठक चहाला संपते. प्रत्यक्षात ती तिथे सुरू होते. चहापूर्वी प्रत्येक जण दुसऱ्याचे नाणे भिंगाखाली धरतो आणि "छान आहे" म्हणतो. याचा अर्थ "माझ्याजवळचं यापेक्षा बरं आहे" असा असतो. चहाचे कप खाली ठेवले, की भिंगेही खाली ठेवली जातात, कोणी तरी हळूच म्हणतो, "काल मिक्सर घेतला," आणि सभागृहात जीव येतो.

या कथनाची आमच्याकडे दोन घराणी आहेत. अमरावती घराणे विलंबित लयीचे. मिक्सर घेतला हे सांगण्यापूर्वी पाटा कधीचा होता, तो आजोबांनी कुठून आणला, त्याला टाकी लावणारी बाई अलीकडे कशी येत नाही, इथपासून आलाप सुरू होतात. राजकमल चौकातून दुकानापर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटे, आणि वाटेत गिला वडा खाल्ला असेल तर वीस. किंमत शेवटपर्यंत सांगायची नाही. श्रोत्यांनी तीनदा विचारावे, चौथ्यांदा आळवावे, मग सम गाठावी.

अकोला घराणे द्रुत. कापसाचा आणि डाळीचा बाजार पाहून वाढलेली ही गायकी भावापासूनच सुरू होते. "सांगा भाऊ, केवढ्याले भेटला असन?" हा पहिला सूर. वस्तू अजून पिशवीतच असते! श्रोत्यांनी आकडा बोलायचा, तो जास्त निघाला की गवय्या प्रसन्न, कमी निघाला की, "तुमच्या अमरावतीत भेटत असन तेवढ्याले," अशी तान. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला या दरम्यान महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. तो वेग निःसंशय अकोला घराण्याचा होता. अमरावतीकरांकडे काम असते तर पहिले शंभर तास या रस्त्याच्या जुन्या खड्ड्यांचा इतिहास सांगण्यात गेले असते.

छंदाचा माणूस घरगुती वस्तूकडेही छंदाच्याच डोळ्यांनी पाहतो, हे या मैफलीचे खरे वैशिष्ट्य. आपल्या नाण्यांवर सालाजवळ टाकसाळीची खूण असते. हिरा असला तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा आणि काहीच नसले तर कोलकाता. ही विद्या ज्याला अंगवळणी पडली, तो प्रेशर कुकर हातात घेतला तरी आधी उलटा करतो. कुकर चांगला शिजवतो का, हा प्रश्न त्याला सुचत नाही. बुडाशी कोरलेला आकडा स्पष्ट उठला आहे का, हे तो पाहतो. आमच्यातल्या एकाने नव्या स्टीलच्या डब्यावर नाव कोरताना झालेली चूक, 'सौ.'च्या जागी 'सो.', दुरुस्त करू दिली नाही. म्हणे, चुकीच्या छपाईला किंमत जास्त येते. घरात त्याचा अर्थ वेगळा घेतला गेला.

वऱ्हाडातल्या खरेदीकथनाचा महाराग म्हणजे कूलर. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो, तिथे कूलर ही चैन नसून कुटुंबप्रमुखाच्या कर्तृत्वाची परीक्षा असते. टाकी केवढी, पंप कोणता, ताट्यांना गवत की वाळा, खिडकीत बसवला की स्टँडवर, यावर आमच्याकडे जी चर्चा झाली आहे, तिच्या निम्म्याने अभ्यास मी सातवाहन नाण्यांवर झालेला ऐकलेला नाही. आगपेटीवाल्यांनी कूलर घेतला तेव्हा त्यांनी वाळ्याच्या वासाचे असे वर्णन केले, की ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी घरी जाऊन पांघरूण काढले. या कलाकृतीचा एकच दोष: कूलरवाल्या खोलीत कोण झोपतो, हा प्रश्न कोणी विचारला की गायक बेसूर होतो.

भेटवस्तूंचे दालन वेगळे. एका वस्तूचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्याय होईल. तो लेमन सेट होता. सहा पेले, एक जग, प्रत्येकावर केशरी फुले. अकोल्याच्या एका सभासदाच्या घरी तो वाढदिवसाची भेट म्हणून आला आणि त्यांनी तो मोठ्या अभिमानाने बैठकीत मांडला. तिकीटवाल्यांनी जग उचलला, दांड्याच्या मुळाशी असलेला नखाएवढा टवका पाहिला आणि चष्मा पुसला. "हा जग मी पाहिलेला आहे," ते म्हणाले. चौकशीअंती निघाले ते असे: सेट मूळचा अमरावतीचा, तिथून एका लग्नात अकोल्याला गेला, अकोल्याहून मूर्तिजापूरला मुंजीत, मुंजीतून अमरावतीला वास्तुशांतीत, आणि आता पुन्हा अकोल्यात. पाच घरे फिरला, पण एकाही घरात त्यातून सरबत प्यायले गेले नव्हते. सभासद खजील झाले. पण तिकीटवाल्यांनी त्यांची पाठ थोपटली. त्यांचे म्हणणे, कोऱ्या पाकिटापेक्षा टपालातून खरोखर फिरलेल्या, शिक्के बसलेल्या पाकिटाला जाणकारांत मान अधिक. त्या हिशेबाने हा लेमन सेट वऱ्हाडातला सर्वांत मौल्यवान आहेर होता.

तर अशी ही भरभराटीला आलेली कला. तिला विरोध निघाला तो आतूनच. नाणेवाले आमच्यातले सर्वांत ज्ञानी आणि म्हणून सर्वांत कडक. त्यांच्या संग्रहात एलिचपूर टाकसाळीचा, औरंगजेबाच्या नावाचा चांदीचा रुपया आहे. एलिचपूर म्हणजे आपले अचलपूर, एके काळची इमादशाहीची राजधानी. तो रुपया तळहातावर घेतला की ते दहा मिनिटे बोलत नाहीत, आणि मग चाळीस मिनिटे थांबत नाहीत. चहानंतरच्या या गप्पांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "आपण नाणीवाले आहोत, भांडीवाले नाही," असे म्हणून त्यांनी ठराव मांडला: बैठकीत छंदाबाहेरच्या वस्तूचे नाव काढायचे नाही. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करायला प्रत्येकाला लाज वाटली.

पुढल्या तीन बैठकी मी विसरणार नाही. अकोल्याच्या मंडळींना रविवारीच नेमकी कामे निघू लागली. चहा येई, पण कप खाली ठेवल्यावर सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. एकाच्या मुलीचे लग्न ठरले होते, तो कपाट बघत फिरत होता. एकाच्या वडिलांना ऐकू येईनासे झाले होते, त्यांच्यासाठी यंत्र आणायचे होते. पण ही सारी छंदाबाहेरची खरेदी! त्यामुळे आम्हांला महिनोन् महिने कळलेच नाही, की कोणाच्या घरी काय चालले आहे. तेव्हा माझ्या लक्षात आले, की नाण्याबद्दल बोलताना माणूस नाण्याबद्दलच बोलतो. मिक्सरबद्दल बोलताना तो आईच्या दुखऱ्या खांद्याबद्दल बोलत असतो.

चौथी बैठक राजापेठेत नाणेवाल्यांच्याच घरी होती. 1990 नंतरची गोष्ट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरोघर येऊ लागल्या होत्या. चहा झाला, शांतता पसरली. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून एक मेंदी रंगाची खुर्ची घेऊन आल्या आणि आमच्या गोलात ठेवून तिच्यावर बसल्या. इतकी वर्षे त्या चहा देऊन दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत. आम्ही बारा जण आणि खुर्च्या बारा, हा हिशेब कोणाला कधी खटकला नव्हता.

"म्या बी एक वस्तू घेतली. सांगू काय?" त्या म्हणाल्या.

ठराव नाणेवाल्यांचा, घर वहिनींचे. नाणेवाले छताकडे पाहू लागले. आगपेटीवाले म्हणाले, "सांगा ना जी वहिनी."

"हे खुर्ची. दोनशे दहाले भेटली. पापडाच्या पैशाची हाय. बसाले आणली."

संपले. अमरावतीत राहून त्यांनी अकोला घराण्यालाही लाजवील अशा वेगात सगळे सांगितले होते. किंमत आली, पैसा कोणाचा ते आले, वस्तू कशासाठी ते आले, आणि एकही विशेषण आले नाही. समीक्षक या नात्याने मी त्या कथनाला आजवरचे पहिले पारितोषिक देतो.

पण खरे कामकाज त्यानंतर झाले. वहिनींनी टेबलावरचा एलिचपुरी रुपया उचलला, बोटांत फिरवला आणि नवऱ्याला विचारले, "याच्यात तवा काय काय येत होतं जी?"

नाणेवाल्यांनी तोंड उघडले. टाकसाळ त्यांना पाठ होती, बादशहा पाठ होता, साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचे वजन पाठ होते. त्या रुपयात अचलपूरच्या बाजारात किती ज्वारी आली असती, हे त्यांच्या तोंडी नव्हते. आमच्याही कोणाच्या नव्हते. नाण्यांच्या सूचीत तो रकाना नसतोच. एवढा वेळ आम्ही जिला विषयांतर म्हणत होतो ती खरेदी, हाच त्या रुपयाचा जन्मभराचा धंदा होता! तो काही भिंगाखाली बसायला पाडला नव्हता. कोणी तरी त्याचे लुगडे घेतले असेल, कोणी औषध, कोणी बैलाची झूल; आणि घरी जाऊन शेजाऱ्याला विचारले असेल, "सांगा, केवढ्याले भेटली असन?"

1939 साली मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा ठेवा सापडला. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता, 1998 पासून वाशीम जिल्ह्यात आहे. महामहोपाध्याय मिराशींनी त्या नाण्यांवर लिहिले आणि अभ्यासकांना राजांची नावे लावून देणारा मोठा पुरावा मिळाला. त्या ठेव्याचा उल्लेख आमच्या बैठकीत शंभरदा झाला असेल. वहिनींच्या प्रश्नानंतर मला मात्र तो वेगळाच दिसू लागला. दीड हजार नाणी म्हणजे कोणाची तरी राहून गेलेली खरेदी. घ्यायचे ठरवले, साठवले, पुरून ठेवले, आणि सांगायला कोणाकडे जाता आले नाही.

ठराव रद्द झाला असे नाही. तो वृत्तान्ताच्या वहीत आहे, फक्त पुन्हा कोणी वाचून दाखवला नाही. कला मात्र आता थोडी उतरणीला लागली आहे, हे समीक्षकाने नमूद केले पाहिजे. हल्ली वस्तू खोक्यात बांधून घरपोच येते. दुकानदाराशी घासाघीस नाही, उठून जाण्याचे नाटक नाही, मागून येणारी "या, या भाऊ" ही हाक नाही. द्रुत गायकीचा प्राणच त्यात होता. उलट, एचएमटीची चावीची घड्याळे, जी आम्ही जावयांना दिली, ती आता तरुण मुले छंद म्हणून शोधत फिरतात. 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद झाला आणि आमचे छंदाबाहेरचे सामान छंदात जमा झाले. लेमन सेटही सांभाळून ठेवावा म्हणतात.

समीक्षेच्या शेवटी शिफारस करण्याची पद्धत आहे. आमच्या संग्रहांच्या वह्यांत आम्ही एक रकाना वाढवला आहे: 'काय घेतले?' इतर मंडळांनीही तो वाढवावा. पंचवीस पैशांचे नाणे 30 जून 2011 पासून चलनातून गेले. त्याच्यासमोर एकाने 'शाळेबाहेरचे बोरकूट' लिहिले आहे, दुसऱ्याने 'भाड्याची सायकल, अर्धा तास, पडलो'. एलिचपुरी रुपयासमोर नाणेवाल्यांनी आपल्या वळणदार अक्षरात 'माहीत नाही' असे लिहिले. खाली पेन्सिलीने वहिनींनी भर घातली आहे: 'बसाले काही तरी घेतलं असन.'